किल्लारीची पंपाची बंदूक

माझ्या सगळ्या गोष्टी खोट्या असतात असं कंधारात कुणी म्हणालं तर मी रागावत नाही. मन्याडच्या पुरात मी म्हशीचं शिंग धरून थेट बारूळपर्यंत वाहत गेलो आणि येताना तिच्याच पाठीवर बसून फुकट परत आलो, ही गोष्ट लोक चहा पाजून ऐकतात. किल्ल्याच्या खंदकातली मगर रोज संध्याकाळी मला तंबाखू मागायची, हीसुद्धा ऐकतात. मगरीला चुना जास्त लागायचा म्हटलं की माना डोलावतात.

पण माझ्याजवळ एक खरी गोष्ट आहे. एकच. आणि तिच्यावर साठ वर्षं एकाही माणसाचा विश्वास बसला नाही.

गोष्ट अशी. साठ साली मी दहा वर्षांचा होतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत किल्लारीला व्यंकटीमामाकडे गेलो. मामाच्या घरी एक बंदूक होती. दारूगोळ्याची नव्हे, छर्‍याची. नळीच्या खाली एक दांडा. तो ओढायचा, दाबायचा, परत ओढायचा, परत दाबायचा, सायकलीत हवा भरावी तसं. दहाबारा वेळा दाबलं की बंदुकीच्या पोटात हवा गच्च बसायची. मग छर्रा घालून घोडा ओढला की फट्ट! त्या बंदुकीनं मी गावातल्या एका बड्या असामीच्या फेट्याचा तुरा उडवला. माणसाला खरचटलंसुद्धा नाही. तुरा शेजारच्या गोठ्यात पडला आणि म्हशीनं खाल्ला.

बास. एवढीच. इतकी साधी गोष्ट आहे की सांगताना मलाच ओशाळल्यासारखं होतं.

ती मी श्रावणात एका सकाळी सत्यमच्या हॉटेलात सांगितली. सत्यमचं हॉटेल बसस्टँडसमोर, आणि आत शिरल्यावर डाव्या हाताचं बाकडं माझं. माझ्या समोर दयानंद गुरुजी बसतात. झेडपीच्या शाळेतून हेडमास्तर म्हणून रिटायर झाले, पण तपासणीची सवय गेली नाही. चहा आला तरी आधी बशी उलटी करून बघतात.

"श्रीमंता," गुरुजी म्हणाले, "मगर चालंल. म्हैस चालंल. ह्ये चालत न्हाई."

"का हो?"

"मगरीला तारीख नव्हती. ह्याला तू तारीख दिलास. साठ साली किल्लारीत पंपाची बंदूक? आरं, त्या टायमाला तिथं लाइट तरी आली हुती का? असली बंदूक मी पहिल्यांदा बघितली हैदराबादला, चौर्‍याऐंशी साली, नुमाइशीच्या प्रदर्शनात. तुझ्या मामाला चोवीस वर्षं आधी कुणी आणून दिली? आभाळातून पडली?"

लोक हसले. माझ्या थापेवर लोक हसतात तेव्हा मला बरं वाटतं. खर्‍यावर हसले तेव्हा कुठंतरी लागलं. मी बाकड्यावर हात आपटला आणि म्हणालो, "बंदूक आणून दाखवतो. तारखेचा सबूत बी देतो. दिवाळीच्या आत."

"न्हाई दिलास तर?"

"तर ह्या हॉटेलात परत तोंड उघडणार न्हाई. येईन, चहा पीन, मुक्यासारखा बसंन. जलमभर."

सत्यमनं गॅस बारीक केला. गुरुजींनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. माझं बोलणं बंद म्हणजे काय हे त्यांनाही ठाऊक होतं. माझ्या वयाच्या माणसाला दुसरा धंदा उरत नाही. दात गेले, शेत पोरानं सांभाळलं, राहिली ती जबान.

"मंजूर," गुरुजी म्हणाले. "सत्यम, तू साक्षीदार."

"आणि काका जिंकले तर?" सत्यमनं विचारलं.

"ते कशाला ठरवायचं? व्हायचंच न्हाई ते."

घरी येऊन मी तारामतीला सांगितलं. ती ज्वारी निवडत होती. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आवो, गुरुजी हरावेत असं मला बी वाटतंय. पण तुमी हरलात तर तुमचं समदं बोलणं घरात मला ऐकावं लागंल. चला, मी बी येते किल्लारीला."

कंधारहून लातूर, लातूरहून औसा, पुढं जीप. जीपमध्ये एका प्रवाशाला मी मगरीची गोष्ट सांगितली. दिवाळीपर्यंत जेवढं बोलून होईल तेवढं बोलून घ्यावं असा विचार होता. तो बिचारा मधेच उतरला, त्याचं गाव अजून लांब होतं तरी.

व्यंकटीमामाचं जुनं गाव त्र्याण्णवच्या भूकंपात गेलं. मामा-मामी त्या रात्री राखणीला मळ्यात झोपले होते म्हणून वाचले, आणि नव्या किल्लारीच्या नव्या घरात म्हातारपणानं, रांगेत, आधी मामा मग मामी, असे गेले. आता त्या घरात मामांचा पोरगा आनंदराज आणि त्याची बायको उमादेवी राहतात. आनंदराज लहानपणीच शिकायला सोलापूरला गेला, आणि भूकंपाच्या वेळी तिथंच मिलमध्ये होता. धावत आला तेव्हा घराच्या जागी ढिगारा आणि तंबूत आईबाप.

चहा झाला. मी विचारलं, "आनंद्या, मामाची बंदूक कुठाय रे?"

"बंदूक? दादा, आबांकडं कुठली बंदूक?"

तारामतीनं माझ्याकडे बघितलं. ती नजर मी चांगली ओळखतो; लग्नाच्या दुसर्‍या दिवसापासून ओळखतो.

"आरं, पितळी नळीची. खाली दांडा. पंप मारायचा आणि..."

"पंप व्हय?" उमादेवी आतून म्हणाली. "भाऊजी, एक विलायती पंप हाय आमच्याकडं. पर त्यो बंदूक न्हाई. भूकंपात आलाय."

आता हे भूकंपात येणं म्हणजे काय ते सांगायला पाहिजे. किल्लारीत घरातली कुठलीही वस्तू दोनपैकी एका खात्यात मोडते. एक भूकंपाच्या आधीची. ती बहुतेक मातीत गेली. दुसरी भूकंपात आलेली; म्हणजे मदतीच्या ट्रकमधून. देशोदेशीहून ट्रक आले होते. कुणी कांबळी दिली, कुणी स्टोव्ह, कुणी उन्हाच्या गावाला लोकरीचे पायमोजे. त्यामुळे नव्या घरात इंग्रजी अक्षराची, कुणालाच न कळणारी कुठलीही वस्तू निघाली की लोक डोळे झाकून सांगतात, भूकंपात आलंय.

उमादेवीनं फवारणीच्या पंपाशेजारून ती वस्तू ओढून आणली. निळी! दाराला लावलेला निळा ऑइलपेंट उरला होता तो आनंदराजनं गंज लागू नये म्हणून तिला फासला होता. लाकडी दस्ता अर्धा तुटलेला. पण खालचा दांडा तोच. घोडा तोच. मी हातात घेतली आणि दहा वर्षांचा झालो. गुडघा दुखत होता तो तेवढा वेळ थांबला. ही थाप नाही.

"हीच!" मी ओरडलो.

"दादा, मी सोलापूरहून आलो तवा ही तंबूत कांबळ्यावर पडली हुती," आनंदराज म्हणाला. "वरनं इंग्लिश लिव्हलेलं. मी म्हनलं मदतीत आलाय सायकलीचा पंप. लई खटपट केली. हवा आत जाती, पर बाहेर कुठून येती ते काय घावंना."

"मामाला विचारलं न्हाईस?"

"त्या दिवसांत आबांना काय विचारायचं, दादा?"

खरं होतं. मळ्यातल्या खोपीत राखणीला ठेवलेली बंदूक मामा-मामींबरोबर वाचली, त्यांच्याबरोबर तंबूत आली आणि मदतीच्या ढिगात मिसळली. मला सगळं लख्ख दिसत होतं. पण ते दिसणं मला; गुरुजींना नव्हे.

दस्त्याच्या पुढं, नळीच्या टोकाला इंग्रजी अक्षरं खोल ठोकलेली होती. मी नखानं तेवढाच रंग खरवडला आणि सत्यमनं शिकवला होता तसा मोबाइलवर फोटो काढून विनीताला पाठवला. विनीता म्हणजे माझ्या पुतण्याची बायको. नांदेडला कॉलेजात इतिहास शिकवते, आणि माझ्या गोष्टींना 'मौखिक परंपरा' म्हणते, म्हणून माझी लाडकी.

दुसर्‍या दिवशी तिचा फोन आला. "काका, ही अमेरिकेत बनलेली आहे. कंपनीच्या पत्त्यात शहराच्या नावापुढं तीनचा आकडा आहे बघा. त्रेसष्ट साली तिकडं पाच आकडी पिनकोड आला. त्याच्या आधी मोठ्या शहरांच्या नावापुढं असा एकदोन आकडी नंबर लिहायचे. म्हणजे बंदूक त्रेसष्टच्या आधीची धरायला हरकत नाही."

मी फोन कानाला लावूनच नाचलो.

"आणि काका, तिला घासूपुसू नका. जुन्या वस्तूचा मूळ रंग जातो."

"न्हाई गं! निळा रंग बी तसाच ठेवतो."

वाजतगाजत हॉटेलात गेलो. वाजतगाजत म्हणजे मीच तोंडानं वाजवत. बंदूक टेबलावर ठेवली, तीनचा आकडा दाखवला, विनीतानं सांगितलेलं सगळं सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. गुरुजी बराच वेळ वाकून बघत राहिले. मग सरळ झाले आणि म्हणाले, "बंदूक खरी. पंपाची खरी. त्रेसष्टच्या आधी बनली, तेबी खरं."

"मग?"

"मग ती किल्लारीत कवा आली?"

मी परत तीनच्या आकड्यावर बोट ठेवलं.

"तुझा मामेभाऊच सांगतो भूकंपात आली. मदतीत लोक जुनंच देतात, श्रीमंता. कुण्या अमेरिकेच्या म्हातार्‍यानं माळ्यावरची काढून दिली असंल. त्रेसष्टच्या आधी बनली आणि त्र्याण्णवला आली, ह्यात अडचण काय? तुझ्या साठ सालाचा सबूत कुठाय?"

वकील का झाला नाही हा माणूस, देव जाणे. कुणीच हसलं नाही. सगळे माझ्याकडे बघत होते, आणि चौर्‍याहत्तर... जाऊ द्या, वय नको. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मला सबुताची गरज पडली. थाप तर तयार होती, चांगल्या दोनतीन होत्या. पण खर्‍या गोष्टीला थापेचा टेकू द्यायचा म्हणजे तिची बेइज्जती. मी बंदूक उचलली आणि घरी गेलो.

वसुबारस उजाडली. कबूल केल्याप्रमाणे मी हॉटेलात गेलो, बाकड्यावर बसलो आणि तोंड मिटलं. सत्यमनं चहा ठेवला. मी मान हलवली. एकानं खोडी काढली, "काका, मगर काय म्हणते?" मी भिंतीकडे बघितलं. गुरुजी पेपर वाचत होते, पण पान उलटत नव्हते. हॉटेल कसं दवाखान्यासारखं वाटत होतं. नुसते कप वाजत होते. जिंकलेल्या माणसाचा चेहरा मी बरेचदा बघितलाय. तसा काही तो नव्हता.

पुढच्या सकाळीही तेच. धनत्रयोदशी होती. मी मुका, गुरुजी पेपरात, आणि तेवढ्यात दारात तारामती.

ही बाई लग्न झाल्यापासून कधी हॉटेलची पायरी चढली नव्हती. बायका तिथं बसत नाहीत. ती सरळ आत आली, डोक्यावरचा पदर नीट केला, आणि काखेतलं फडक्यात गुंडाळलेलं बोचकं गुरुजींच्या पेपरावर ठेवलं.

"राम राम, गुरुजी. ह्ये जरा वाचा."

तिनं फडकं सोडलं आणि हॉटेलात उजेड पडला. मी अतिशयोक्ती करतो हे मान्य. पण ती नळी सोन्यासारखी झळकत होती. निळ्या रंगाचा ठिपका उरला नव्हता. दिवाळीची भांडी घासायला काढली होती, त्यात तिला बंदुकीचा एक पोपडा उडालेला दिसला. खाली पिवळं. पितळेला ऑइलपेंट! तिच्या जिवाला ते सहन झालं नाही. सोड्याच्या उकळत्या पाण्यानं रंग काढला, मग चिंच आणि राख घेऊन बसली, आणि विनीतानं काय सांगितलं होतं ते मी सांगितलं नव्हतं असं तिचं अजूनही म्हणणं आहे.

"कुठं वाचू, वैनी?" गुरुजींनी विचारलं.

"पंपाच्या नळीवर. दांड्याच्या वर. मी काय तुमच्याएवढी शिकलेली न्हाई, पर भांड्यावरचं नाव मला बी कळतंय."

आपल्याकडे पितळेची वस्तू नावाशिवाय कुणाला देत नाहीत. घागर असो, परात असो, दुकानदाराकडून ठोकून ठोकून टिंबाटिंबांनी नाव घालून घेतो आणि मगच लग्नात देतो. गुरुजींनी चष्मा पुसला. वाकले. बोटानं एकेक अक्षर धरून, शाळेत पोरांकडून वाचून घ्यायचे तसं मोठ्यानं वाचलं.

"चिरंजीव... सौभाग्यकांक्षिणी... महामाया... हिस... भावाकडून... सप्रेम भेट."

"मामी!" असं माझ्या घशापर्यंत आलं. मी दोन्ही हातांनी तोंड दाबलं.

महामायामामी! तिचा भाऊ हैदराबादेला एका गोर्‍या इंजिनियरचा ड्रायव्हर होता हे मी लहानपणी ऐकलं होतं. साहेब मायदेशी जाताना ड्रायव्हरला बंदूक देऊन गेला असणार. इकडं बहिणीचं लग्न. सगळे पितळेचं देणार, आणि ह्याच्याजवळ पितळेची वस्तू ही एकच. मी तिथं नव्हतो, पण मला तो भांडीवाला दिसतो: हातात हातोडी, समोर बंदूक, आणि विचारतोय की नाव घालतो, पण हे भांडं कशाचं?

"म्होरं हाय अजून," तारामती म्हणाली.

"वैशाख," गुरुजींनी वाचलं. "शके अठराशे एक्याऐंशी." आणि थांबले.

"म्हंजी कवा, गुरुजी?" सत्यमनं विचारलं. खोडसाळपणानं नव्हे, त्याला खरंच ठाऊक नव्हतं.

गुरुजींनी आयुष्यभर पोरांना हे गणित घातलं होतं. शकात अठ्ठ्याहत्तर मिळवा. आता सगळं हॉटेल त्यांच्या तोंडाकडे बघत होतं. कंडक्टर आत आला होता, बाहेर बस हॉर्न देत होती, आणि तोही उभाच. गुरुजींचे ओठ हलले. हातचा घेतला.

"एकोणसाठ," ते म्हणाले. "एकोणीसशे एकोणसाठ. वैशाखात. म्हंजी... साठच्या उन्हाळ्यात बंदूक किल्लारीतच हुती."

हॉटेलात जो गलका उठला तो किल्ल्याच्या बुरुजापर्यंत गेला असणार, पारवे उडाले. कंडक्टरनं शिट्टी फुंकली आणि त्याची बस त्याच्याशिवाय निघाली. मी मात्र हाताची घडी घालून गप्प. पैज पैज असते.

"बघा," तारामती लोकांना सांगू लागली, "साठ वर्षं हे मामाची बंदूक, मामाची बंदूक करून राहिले. बंदूक मामीची! मग तुरा तरी ह्यांनीच उडिवला कशावरून? मामीनंच उडिवला असंल."

माझ्या डोळ्यांतून आग निघाली, पण तोंडातून शब्द काढता येईना. इतकं अन्यायकारक मौन पुराणात कुणी पाळलं नसेल.

गुरुजी उठले. माझ्यासमोर आले. रीतसर, सगळ्यांसमोर, दोन्ही हात जोडले.

"बोल, श्रीमंता."

"वायसर!" मी ओरडलो.

पहिला शब्द तोच निघाला. त्याला इलाज नाही. साठ वर्षांची बंदूक हाती आल्यावर माणूस आधी भाषण करील का? पंपातला चामड्याचा वायसर सुकून खडंग झाला होता. सत्यमच्या माळ्यावर बंद पडलेला स्टोव्ह होता, त्याच्या पंपाचा वायसर काढला, गोडेतेलात भिजवला, ताणून ताणून बसवला. छर्रे नव्हते. एकाच्या पिशवीत ज्वारी होती. त्यातला टपोरा दाणा घेतला. हॉटेलच्या मागं भिंतीच्या कठड्यावर कागदी कप ठेवला आणि सगळ्यांना माझ्या पाठीमागं उभं केलं.

पंप मारायला मला दम लागला. "आण इकडं," म्हणत गुरुजींनी घेतली. ओढ, दाब, ओढ, दाब. धोतराचा सोगा सुटला तरी थांबेनात. दस्ता खांद्याला लावला, एक डोळा मिटला. मिटायचा नव्हता तो मिटला, मग बदलला.

फट्ट!

कप उडाला, भिंतीपलीकडे गेला, आणि झेडपीच्या रिटायर हेडमास्तरनं दोन्ही पाय उचलून अशी उडी मारली की मी ती कुणाला सांगितली तर लोक मला थापाड्या म्हणतील.

त्यानंतर मला बोलायला वेळ कसला मिळतोय! पाडव्याच्या सकाळी मी हॉटेलात गेलो तर बाहेर चपलांचा ढीग. आत माझ्या बाकड्यावर गुरुजी. हातात खडू नव्हता एवढंच.

"...तर महामायाबाई जात्यावर बसलेल्या," गुरुजी सांगत होते. "एका हातानं दळण चालू, दुसर्‍या हातानं पंप. समोरून घोड्यावर तो बडा माणूस. त्यानं मिशीला पीळ दिला. बाईनं जातं न थांबवता बंदुकीचा घोडा ओढला. फट्ट! नुसता तुरा न्हाई, आख्खा फेटा! फेटा सुटत सुटत गेला तो औशापर्यंत. दोन शेतकर्‍यांनी त्याचा मांडव घातला, आणि त्या मांडवात सात लग्नं लागली."

"सात?" कुणीतरी म्हणालं. "गुरुजी, जरा कमी करा."

"आरं, तारीख ठोकलेली हाय बंदुकीवर! वाचायची का तुला?"

मी दारात उभा. माझी खरी गोष्ट माझ्या डोळ्यांदेखत मोठी होत होती, आणि आता अख्ख्या कंधारात तिच्यावर विश्वास न ठेवणारा एकही माणूस उरला नव्हता. सत्यमनं मला सरकून जागा केली. गुरुजींनी माझ्याकडे बघितलं, जरासे चाचरले, गोष्ट अडली.

"व्हय," मी म्हणालो. "मग? मांडवाचं काय झालं म्होरं?"